पाठराखीण

आमच्याकडे लग्न होऊन नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एक बाई तिच्याबरोबर जाते. तिला पाठराखीण म्हणतात. अनोळखी घरात पोरीला आपलं एक माणूस दिसावं, एवढंच तिचं काम. पूर्वी म्हणे एखादी जाणती म्हातारी जायची. हल्ली धाकट्या बहिणीला पाठवतात, कारण म्हाताऱ्यांना गाडी लागते आणि धाकट्या बहिणींना साडी मिळते. माझ्या ताईची पाठराखीण मी होते. एकदा लग्नानंतर, आणि एकदा ती नवऱ्याचा मार खाऊन घरी पळून आली तेव्हा तिला परत सोडायला. ही दुसरी रीत आमच्या घराने काढली.

त्या दुसऱ्या खेपेचं मी नाटक केलं. ते बघून पप्पा ताईला घरी घेऊन येतील अशी माझी समजूत होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, म्हणजे इतकं खुळं असायला जरा जास्तच मोठी.

पप्पा माथाडी आहेत. मार्केटात गोणी उचलतात. आमचं गाव साताऱ्याकडचं, पण मी जन्मल्यापासून कोपरखैरण्यातच आहे. माथाडी एकेकटे काम करत नाहीत, त्यांची टोळी असते आणि टोळीवर मुकादम. बाहेरच्यांना वाटतं टोळी म्हणजे गोणी उचलण्यापुरती. तसं नाही. टोळीत कोणाचं बारसं असो, कोणाची पोरगी दहावी पास होवो की कोणाच्या आईचा दहावा असो, सगळी टोळी आंघोळ करून, पांढरे शर्ट घालून हजर राहते आणि मुकादम सगळ्यांत पुढे बसतो. पप्पांच्या आयुष्यात टोळीच्या बाहेरचं असं फारसं काही नाही. आम्ही घरचे तेवढे बाहेरचे.

ताईला मुकादमकाकांच्या भाच्याला दिली. तो तळोज्याला केमिकलच्या कंपनीत आहे आणि तिथेच खोली घेऊन आई-बायकोबरोबर राहतो. स्थळ काकांनी स्वतः आणलं. घरातल्या घरात झालं म्हणून सगळे खूश होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण तोवर आम्ही फक्त शाळेच्या पुस्तकात वाचली होती.

लग्नाला दोन वर्षं होत आली असतील, एका दुपारी ताई दारात उभी राहिली. हातात कपड्याच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी. कानापासून जबड्यापर्यंतचा भाग सुजला होता आणि त्यावर तिने पदर ओढून घेतला होता. शेजारच्या काकूंनी ‘काय गं, अचानक?’ म्हटलं तर ताई हसून म्हणाली, ‘माहेरपणाला आले.’ मग आत येऊन दार लावून घेतलं आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून जे झालं ते सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिने दोन वर्षं खाल्ला होता, आणि आम्ही सणाला तिला गोड खाऊ घालून पाठवत होतो.

पप्पा मार्केटातून आले, त्यांनी ऐकलं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला तेवढ्यावरून केवढा आनंद झाला. मला वाटलं, आता पप्पा काहीतरी करतील. दुसऱ्या दिवशी मुकादमकाका आले. चहा प्याले. ‘पोराला मी समजावतो,’ म्हणाले. ‘पण पोरगी हितं जास्त ऱ्हायली तर गोष्ट चार लोकांत जाईल. तुमचीबी एक अजून लग्नाची हाय.’ ती लग्नाची म्हणजे मी. मी तेव्हा चहाचे कप उचलत होते.

आठवड्याच्या आत पप्पांनी ठरवलं. आईने ताईची ओटी भरली आणि रडत रडत म्हणाली, ‘एकटी कशी धाडायची? धाकटीला संगं जाऊ दे.’ आमच्या आईचं हे असं आहे. पोरीला मारकुट्याच्या घरी परत पाठवायचं तर पाठवू, पण रीतीने पाठवू. मी महापेच्या ज्या कंपनीत बसते तिथे एक दिवस रजा टाकली आणि ताईबरोबर बसमध्ये बसले.

मी घरात यावर बोलले नाही असं नाही. पुष्कळ बोलले. पण आमच्या घरात पप्पांसमोर वाक्य पुरं करता येत नाही. मी ‘ताईला’ म्हटलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. ‘ताईला आणू’ म्हटलं की चपला घालून बाहेर जातात. वर्षभर मी अशी अर्धीअर्धी वाक्यं बोलत होते.

अशातच ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. तरुण मुलामुलींनी स्वतःच्या आयुष्याची गोष्ट स्वतःच रंगमंचावर सांगायची, अनुभवाची गरज नाही, फी नाही. तालमी वाशीत एका शाळेच्या वरच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार. मी गेले, कारण सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नव्हतं. आम्ही पाच-सहाजण होतो. बसवणारा मुंबईहून यायचा. त्याला सर म्हटलेलं चालत नसे, आम्ही दादा म्हणत होतो. हे नाटक नाही, असं तो आल्या आल्या म्हणाला आणि पुढे चार महिने दर आठवड्याला म्हणत राहिला.

त्याचे नियम होते. घडलं तेवढंच सांगायचं, एक शब्द पदरचा घालायचा नाही. कोणाचं नाव घ्यायचं नाही. कपडे आपले रोजचे. आवाज चढवायचा नाही, अभिनय करायचा नाही, रडू आलं तर ते थांबेपर्यंत उभं राहायचं. प्रत्येकाने आपल्या गोष्टीतली एक खरी वस्तू घरून आणायची. आधी दादा एकेकाला समोर बसवून तासन्‌तास बोलतं करायचा आणि रेकॉर्ड करायचा. मग त्यातून वाक्यं निवडून आमची आम्हाला टाइप करून द्यायचा, आणि ती आम्ही पाठ करायची. मी माझंच वाक्य विसरले की दादा कागदात बघून मला आठवण करून द्यायचा. ‘तू इथे म्हणाली होतीस, मला चहा गोड लागला.’ मी म्हणायचे, हो हो, गोड लागला.

तो चहा ताईच्या सासूने दिलेला. मी ताईला सोडायला गेले त्या दिवशी त्या बाईने माझं स्वागत केलं, चहा दिला, आणि निघताना कुंकू लावून एक ब्लाउजपीस हातात दिलं. पाठराखिणीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. ताई तेव्हा आतल्या बाजूला उभी होती. तिने परत कामाला हातसुद्धा लावला होता. ते ब्लाउजपीस मी कधी शिवलं नाही. माझी वस्तू म्हणून मी तेच आणलं. दादाने ते हातात घेऊन डोळे मिटले. मला राग आला, पण तो माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळंच फार आवडायचं.

त्याचं आणि माझं भांडण शेवटच्या वाक्यावरून झालं. त्याचं म्हणणं, ही गोष्ट बहिणीची आहे, यात तू कुठे आहेस? त्याला हवं होतं की मी शेवटी म्हणावं, त्या दिवशी मीही गुन्हेगार झाले. मी म्हणाले, मी नाही म्हणणार. मला घरातून सांगितलं, मी गेले. गुन्हा ज्यांचा त्यांनी म्हणावं. तो म्हणाला, ‘आत शोध.’ मी म्हटलं, ‘शोधलं. आत पप्पा आहेत.’ तेव्हा त्याने ते वाक्य लिहून घेतलं. असं त्याच्यापुढे चिडायचीसुद्धा चोरी होती.

खरं तर माझ्या डोक्यात एकच होतं. त्या हॉलमध्ये लाइट बंद करून लोकांना तासभर गप्प बसवतात. मध्ये कोणी उठत नाही, कोणी टीव्ही लावत नाही. पप्पांना तिथे बसवलं तर माझं वाक्य पहिल्यांदा पुरं होईल. आणि ते एकदा पुरं ऐकलं तर कोणताही बाप उठून तळोज्याला जाईल. आमच्यात बोनकोड्याचा एक आगरी मुलगा होता, तो आपल्या गावाला चारी बाजूंनी बिल्डिंगांनी कसं वेढलं ते सांगायचा. त्याला मी हा बेत सांगितला. तो म्हणाला, ‘तुजा बापूस आयकल काय गो? माजा तर मेल्यावरी आयकाचा नाय.’

मे महिन्यात प्रयोग ठरला. मी पप्पांना म्हटलं, माझं नाटक आहे, रविवारी संध्याकाळी, तुम्ही आणि आई या. नाटक नाही असं सांगत बसले नाही, त्यांना कळलं नसतं. पप्पांचा चेहरा असा खुलला की मला धसकाच बसला. गावच्या जत्रेत तरुणपणी ते नाटकात काम करायचे. एकदा त्यांनी हवालदार केला होता आणि टोपी मोठी झाल्यामुळे सारखी नाकावर येत होती, ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली आहे. ‘आमच्या रक्तातच हाय ते,’ ते आईला म्हणाले. त्या आठवड्यात ते माझ्याशी जितकं बोलले तितकं वर्षभरात बोलले नव्हते.

रविवारी मी हॉलच्या दारामागून पाहिलं तर पप्पा टोळी घेऊन आले होते. सगळी टोळी. मला हे सुचायला हवं होतं. पोरीचं नाटक म्हणजे घरचं कार्य, आणि घरच्या कार्याला पप्पा एकटे कसे येतील? आई गुडघ्यांमुळे जिने चढू शकत नव्हती म्हणून आली नव्हती, पण बाकी मार्केट लोटलं होतं. पांढरे शर्ट, कोणाच्या डोक्यावर टोपी, आणि सगळ्यांत पुढे मुकादमकाका, हातात शाल आणि नारळाची पिशवी. दादाचे मुंबईचे पाहुणे खादीचे कुर्ते घालून मागे खुर्च्यांवर बसले. टोळी पुढे गाद्यांवर मांड्या घालून बसली, कारण जत्रेत मानाची माणसं पुढे बसतात.

मी दादाला बाजूला घेतलं. म्हटलं, मला हे जमणार नाही, ताईचा नवरा त्या पुढे बसलेल्या माणसाचा भाचा आहे. दादा म्हणाला, ‘पण तुझं खरं आहे ना?’ खरं होतं. खरं असणं म्हणजे जणू छत्रीच, असं त्याला वाटायचं. माझी पाळी तिसरी होती.

स्टेज वगैरे नव्हतं. जमिनीवर उजेडाचा एक तुकडा, त्यात मी ब्लाउजपीस हातात घेऊन उभी. मी सांगायला लागले. पाठराखीण म्हणजे काय इथपासून. ताईचा सुजलेला कान, चहा पिऊन गेलेले पाहुणे, ओटी, बस. मुकादमकाकांकडे मी बघितलं नाही. पप्पांकडे बघत होते. पप्पा मान हलवत ऐकत होते, पुढे वाकून, तोंड जरासं उघडं. त्यांना कळतंय, असं मला वाटलं. मी बसमधल्या जागेशी आले.

‘ताई खिडकीशी बसली होती. कळंबोली गेल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, कुठंतरी उतरू आपण. कुठंबी. मला तिथं नको सोडू.’

इथे थांबायचं होतं. हा थांबा दादाने फार मन लावून बसवला होता. लोक अस्वस्थ होऊन हलायला लागेपर्यंत एक शब्द बोलू नकोस, अशी त्याची सूचना होती. मी थांबले. आणि लोक हलायला लागले. म्हणजे टोळी हलायला लागली. त्यांना वाटलं मध्यंतर झालं. जत्रेत मध्यंतरात कलाकाराचा सत्कार करतात, आणि पडदा नसल्यामुळे परत संधी मिळेल की नाही याची त्यांना काळजी पडली असावी.

मुकादमकाका उठले. ‘व्वा! डोळ्यांत पाणी आणलंस पोरी,’ म्हणाले, आणि पप्पांना दंडाला धरून उठवलं. ‘ऊठ की. बाप हाईस ना तू? तूच घाल शाल.’ दोघातिघांनी पप्पांना पुढे ढकललं. कोणीतरी मोबाइल धरून व्हिडिओ काढायला लागलं. पप्पा अनवाणी त्या उजेडात आले. लाजत होते. इतके खूश मी त्यांना ताईच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी शाल झटकून उलगडली आणि माझ्या खांद्यांवर घातली. नारळ त्यांच्या हातात तसाच होता.

माझं पुढचं वाक्य त्यांचं होतं. निघताना ते ताईला जे म्हणाले ते. तालमीत मी ते भिंतीकडे बघून म्हणायचे. आता पप्पा हातभर अंतरावर उभे होते. मला वाटलं, गप्प बसावं, शाल घ्यावी, पाया पडावं. मग वाटलं, एवढं वर्षभर जे वाक्य घरात पुरं झालं नाही ते इथे तरी होऊ दे.

‘निघताना पप्पा तिला म्हणाले,’ मी म्हटलं, ‘आता मेलीस तरी त्याच उंबऱ्याच्या आत. परत या दारात पाय ठेवायचा नाय.’

पप्पांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग त्यांनी मान वळवून मुकादमाकडे बघितलं. माझ्याकडे नाही, मुकादमाकडे. आणि मुकादमकाकांनी टाळी वाजवली. ‘काय नाटक बसवलंय! बापालाच उभं केलं की मधी!’ आता त्यांना सगळं कळलं होतं. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा त्यांनाच कळलं, म्हणूनच त्यांनी घाईने त्याला नाटक ठरवलं. टोळीने टाळ्या वाजवल्या. मागच्या कुर्त्यांनीही वाजवल्या, त्यांना वाटलं हे ठरवूनच केलेलं आहे. पप्पांनी नारळ माझ्या हातात दिला, लोकांकडे तोंड करून हात जोडले आणि जाऊन आपल्या जागी बसले. उरलेलं मी बोलले, पण काय बोलले ते मला सांगता येणार नाही.

नंतर चर्चा होती. हातमागाची सुंदर साडी नेसलेल्या एक बाई उठून म्हणाल्या, वडिलांनी स्वतःची चूक कबूल करून मुलीबरोबर असं उभं राहणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हा प्रवास कसा झाला ते त्यांनी सांगावं. माइक पप्पांपर्यंत गेला. पप्पा उभे राहिले. ‘पोरांनी चांगलं काम केलं,’ म्हणाले. ‘सगळ्यांचे आभार.’ आणि माइक शेजाऱ्याकडे दिला. दादाचे डोळे भरून आले होते. निघताना त्याने मला विचारलं, बाबा पुढच्या प्रयोगालाही येतील का, ती जागा आपण ठेवूच. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

घरी मी टोळीच्याच टेम्पोतून गेले. नाही म्हणायची सोय नव्हती. ताई माहेरपणाला आली होती एवढंच टोळीतल्या बाकीच्यांना माहीत होतं. आमच्या घराची मूठ झाकलेली होती. एक नवा लागलेला तरुण पप्पांच्या शेजारी उभा होता. त्याच्या मनातून गोष्ट जात नव्हती. तो म्हणाला, ‘पण काय बाप असंल ओ तो. जोड्यानं हाणला पायजे असल्याला.’

पप्पा टेम्पोचा कठडा धरून उभे होते. ‘व्हय,’ म्हणाले. ‘हाणलाच पायजे.’

ते ऐकलं आणि मला आशा वाटली. आता लिहिताना हसू येतं, पण खरंच वाटली. घरी पोहोचलो तर आई दारातच. काय नाटक होतं, कशाबद्दल होतं, लोक किती आले होते. पप्पा मोरीत पाय धूत होते. तिथूनच म्हणाले, ‘एका पोरीची गोष्ट होती. सासरी लई हाल तिचं.’

‘मग? बापानं आणली का माघारी?’

पप्पांनी पायांवर आणखी एक तांब्या ओतला. ‘ते न्हाय दाखवलं,’ म्हणाले.

पुढे दोन-तीन दिवसांनी पप्पांनी मार्केटात खाडा केला. ते कधी खाडा करत नाहीत, ताप असला तरी जातात. दाढी केली, पांढरा शर्ट घातला, आणि कुठे जातोय हे न सांगता बाहेर पडले. मी ऑफिसला गेलेच नाही. आईला म्हटलं, पप्पा ताईला आणायला गेलेत. आईने देवाजवळ दिवा लावला. मी कपाटातला माझा एक खण रिकामा केला आणि तो पुसून घेतला. दुपारी पप्पा आले ते एकटेच. मुकादमाकडे गेले होते. माझ्या वतीने माफी मागायला. काका म्हणाले होते, ‘लहान हाय, समजत न्हाय तिला,’ आणि मोठ्या मनाने माफ केलं होतं. एवढं सांगून पप्पांनी जेवायला मागितलं.

व्हिडिओ तोवर फिरला होता. टोळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर, आणि तिथून तळोज्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं, फक्त हात माझा आणि अवलक्षण ताईचं. त्याच संध्याकाळी दाजींचा फोन आला. पप्पांना जरा कमी ऐकू येतं म्हणून ते फोन स्पीकरवर टाकतात. मी आणि आई समोरच होतो.

‘हे काय लावलंय?’ दाजी म्हणाले. ‘माझ्या आईचं, माझं नाव घालवताय व्हय चार लोकांत?’

‘नाटक हाय ते,’ पप्पा म्हणाले. ‘पोरापोरींचं. खरं न्हाय त्यात काय.’

‘तुमी नका सांगू. तिला द्या. तिच्या तोंडून ऐकू दे मला.’

पप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. डोळ्यांनी विनवत होते. मी फोन घेतला. चार महिने मी खरं बोलायची तालीम केली होती, आवाज न चढवता, अभिनय न करता, आणि दाजींना काय सांगायचं ते माझ्या जिभेवर तयार होतं. मी तोंड उघडणार इतक्यात पलीकडून, दाजींच्या मागून, ताईचा आवाज आला.

‘सांग गं,’ ती म्हणाली. ‘सांग की त्यास्नी, नाटक होतं म्हणून.’

मी हातातल्या फोनकडे बघत होते.

‘सांग ना,’ ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ दे म्हटल्यासारखा. तिच्या अंगावर काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं.

‘नाटक होतं, दाजी,’ मी म्हणाले. ‘लिहून दिलेलं होतं. आमचं नाही ते, कोणाचंतरी आहे.’

दाजींनी ऐकून घेतलं. मग हसले. ‘अ‍ॅक्टिंग भारी करतीस हां,’ म्हणाले. मी म्हटलं, ताईला द्या. ती कामात आहे म्हणाले आणि फोन ठेवला. पप्पांनी माझ्या हातून फोन घेऊन चार्जिंगला लावला. ‘बरं केलंस,’ म्हणाले.

मी परत त्या हॉलमध्ये गेले नाही. दादाचे मेसेज आले, मोठे मोठे. मग त्याने विचारलं की माझं बोलणं दुसऱ्या मुलीने सादर केलं तर चालेल का, इतकी खरी गोष्ट वाया जाऊ नये. मी उत्तर दिलं नाही, ते त्याने हो धरलं. बोनकोड्याच्या मुलाकडून कळलं की ती मुलगी छान करते. थांबा तर माझ्याहून चांगला घेते.

दिवाळीला दाजी ताईला घेऊन आले. नवी साडी, हातभर बांगड्या. दाजी बाहेर पप्पांबरोबर क्रिकेट बघत बसले आणि आम्ही दोघी आत करंज्या करायला बसलो. ताई लाटत होती, मी सारण भरत होते. आई तळणीशी होती. मला माफी मागायची नव्हती, फक्त तिच्याकडे बघवत नव्हतं. तिनेच विषय काढला, पोळीवरून नजर न काढता.

‘त्या दिवशी तू नाटक होतं म्हणालीस ना,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘लई बरं केलंस. त्यावर लई खूश झाले ते. महिनाभर हात उचलला न्हाय.’

माझ्या हातातली करंजी मुडपायची राहिली होती. ताईने ती माझ्याकडून घेतली, कड नीट मुडपली आणि ताटात ठेवली. ती महिना म्हणाली होती. प्रयोग मे महिन्यात झाला होता, आणि आम्ही दिवाळीच्या करंज्या करत होतो.